जीवशास्त्राला प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेचं दार उघडून बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या प्रवेश पुरवणीत ‘दोन सारख्याच संस्था समोर असतील तर काय करावं?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून एक तक्ता छापून आला होता. मानांकन, शुल्क, वसतिगृह आणि प्लेसमेंट असे त्यात चार रकाने होते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होत असेल. जीवशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलाला मात्र त्या चार रकान्यांतून काहीच कळत नाही. तरीही घरोघरी असले तक्ते पुढ्यात घेऊन पोरांच्या पाच-पाच वर्षांचा निकाल लावला जातो, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, पण शक्यतो काटछाट न करता छापावं.

मी आमच्या भागातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. लागलो तेव्हा परिचर म्हणून लागलो. काचसामान धुणं, नमुने गोळा करून आणणं, फॉर्मलिनच्या बरण्या बदलणं ही कामं केली आणि मग बढती मिळाली. मी प्राध्यापक नाही, पण तीस-एक वर्षं प्रॅक्टिकलच्या टेबलाशेजारी उभा होतो. कोणता विद्यार्थी पुढे खरा शास्त्रज्ञ झाला, कोणाचं प्रमाणपत्र नुसतं भिंतीवर राहिलं आणि ते कशामुळे, हे मी जवळून पाहिलं आहे.

गेल्या जुलैत माझ्या मुलीच्या मुलीला नेस्ट या विज्ञानाच्या प्रवेशपरीक्षेतून दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक भुवनेश्वरजवळच्या जटणीची राष्ट्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे नायसर. दुसरं मुंबईत कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात असलेलं मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र, ज्याला मुलं ‘सेब्स’ म्हणतात. आपल्याकडे आयआयटी सगळ्यांना ठाऊक असते, या दोन संस्थांची नावं मात्र बारावीच्या शिक्षकांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतात. दोन्हींची घडण इतकी सारखी आहे की निवड करताना घरातल्या सगळ्यांचीच पंचाईत झाली.

सारखेपणा किती, ते बघा. दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या आधाराने उभ्या आहेत. दोन्हींकडे पहिली तुकडी 2007 साली बसली. प्रवेशपरीक्षा एकच. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, सलग एम.एस्सी.पर्यंतचा. शिष्यवृत्तीही दोन्हीकडे सारखी, वर्षाला 60 हजार रुपये आणि उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी वर्षाला 20 हजार वेगळे. पहिल्या वर्षी दोन्हीकडे जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित असे चारही विषय शिकावे लागतात. गुण चांगले असतील तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेसाठी दोन्हीकडच्या मुलांना थेट मुलाखतीची संधी असते. पुरवणीतला तो तक्ता या दोघींसाठी भरला असता तर दोन्ही ओळी जवळपास सारख्याच दिसल्या असत्या.

मग घरात निर्णय कशावर होऊ लागला? जावयांचं म्हणणं मुंबईच. रात्री मिरजेला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई, शिवाय त्यांची बहीण डोंबिवलीला. जटणीला जायचं तर आधी सोलापूर किंवा पुणे गाठायचं आणि तिथून कोणार्क एक्स्प्रेसने खुर्दा रोड हे जटणीचं स्टेशन, म्हणजे दीड दिवसाचा प्रवास. मुलीला काळजी भाषेची आणि जेवणाची. चुलतभावाने मोबाइलवर मानांकनं काढून दाखवली. शेजारच्यांनी तर ‘नीट रिपीट करा, एवढे मार्क आहेत, बी.ए.एम.एस. तरी कुठे गेलं नाही’ असाही सल्ला दिला. या सगळ्यांची काळजी खरी होती, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पोरगी पाच वर्षं रोज काय करणार, हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

मानांकनाबद्दल एवढंच सांगतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही पद्धत 2016 पासून याद्या जाहीर करते. विद्यापीठांसाठी तिच्यात अध्यापन आणि साधनसामग्रीला 30, संशोधनाला 30, पदवीनंतरच्या निष्पत्तीला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि लोकमताला 10 असं वजन आहे. त्यात चुकीचं काही नाही. पण हे गुण पूर्ण विद्यापीठाला मिळतात. त्यात अभियांत्रिकी आली, व्यवस्थापन आलं, पीएच.डी. करणारे आले. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सूक्ष्मदर्शक एकटीला मिळतो की पाच जणींत एक, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आणि जीवशास्त्रात खरा फरक तिथेच पडतो.

सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा छेद घेणं हे पहिल्या वर्षाचं अगदी साधं काम. खोडाचा तुकडा गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडीत घट्ट धरायचा, ब्लेड पाण्याने ओलं करायचं आणि स्वतःकडे एका लयीत ओढायचं. काचेच्या बशीतल्या पाण्यात छेद पडत जातात. त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ पारदर्शक छेद ब्रशने उचलायचा, सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब द्यायचा, धुवायचा, ग्लिसरीनमध्ये ठेवायचा आणि कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडायची, म्हणजे बुडबुडा राहत नाही. काठिण्य आलेल्या भिंती लाल होतात आणि वाहक नळ्यांचे पुंजके कड्यासारखे मांडलेले दिसतात. पहिल्या प्रॅक्टिकलला एकालाही जमत नाही. छेद जाड येतो, तिरका येतो, बोट कापतं. चौथ्या-पाचव्या खेपेला कोणीतरी सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता नुसतं ‘सर, आलं’ म्हणतं. असे क्षण मी पुष्कळ पाहिले. त्या मुलाला पुढे पुस्तकातली आकृती पाठ करावी लागत नाही, ती त्याने स्वतः पाहिलेली असते.

आता दुसरा प्रकार. कपाटात कायमस्वरूपी स्लाइडची पेटी असते, अंबाल्याच्या एखाद्या पुरवठादाराकडून मागवलेली. प्रॅक्टिकलला ती एक पेटी फिरते. पोरं रांगेने येतात, डोळा लावतात, जर्नलमध्ये आकृती उतरवतात (तीही बहुतेक वेळा शेजारच्याच्या जर्नलमधून), सही घेतात आणि जातात. मायक्रोटोम, म्हणजे अगदी पातळ छेद घेण्याचं यंत्र, काचेच्या कपाटात, त्यावर महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या समितीसाठी लावलेली चिठ्ठी तशीच. मेणाच्या ठोकळ्यातून सलग फीत कशी निघते आणि कोमट पाण्यावर ती कशी उलगडते हे पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाने कधी पाहिलेलंच नसतं.

हे दोन्ही प्रकार एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, एकच अभ्यासक्रम आणि एकच गुणपत्रक असलेल्या दोन महाविद्यालयांत मी पाहिले आहेत. अंतर पंचवीस किलोमीटरचं. दोन्हींना नॅकची श्रेणी चांगली. मी ज्या ठिकाणी नोकरी केली तिथेही शेवटच्या काही वर्षांत घसरण झाली. आमच्या विभागातले दोन जुने सर निवृत्त झाले, त्या जागी तासिका तत्त्वावर मुलं आली. हुशार, मेहनती मुलं होती. पण तासाला ठरलेले पैसे आणि वर्षातले काही महिनेच काम मिळणाऱ्या माणसाने सकाळी सातला येऊन कांद्याची मुळं कापावीत अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागाही भरली नाही. आता तिथे दोन विभागांत मिळून एकच परिचर आहे. तो बिचारा चाव्या सांभाळतो की द्रावणं बनवतो?

कांद्याच्या मुळांचं मुद्दाम सांगितलं. पेशीविभाजन दाखवायचं तर मुळाची टोकं सकाळच्या ठरावीक वेळेलाच कापावी लागतात, तेव्हा विभाजन होणाऱ्या पेशी जास्त सापडतात. मग ती अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात टाकायची, नंतर ॲसिटोकार्मिनने रंगवायची, किंचित गरम करायची, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायची. प्रॅक्टिकल दुपारी दोनला असलं तरी तयारी सकाळी करावी लागते. जीवशास्त्राचं हे असंच आहे, सजीवाचं वेळापत्रक पाळावं लागतं. फळमाशीवर आनुवंशिकतेचे प्रयोग करायचे तर रवा, गूळ, अगर-अगर शिजवून बाटल्या भरायच्या, बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल घालायचं, आणि कोशातून बाहेर आलेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढायच्या. त्याला उशीर झाला की त्यांचं मीलन होऊन गेलेलं असतं आणि पूर्ण संकर वाया जातो. जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढायचा तर दर अर्ध्या तासाला एक वाचन घ्यायचं, दिवसभर. मध्ये ‘पाच वाजले, कुलूप लावायचंय’ म्हणून चालत नाही.

म्हणून माझा नातीला पहिला प्रश्न होता, संध्याकाळी पाचनंतर प्रयोगशाळेला कुलूप लागतं का? आणि दुसरा, तू जिथे झोपणार तिथून प्रयोगशाळा किती लांब आहे?

तिला हे प्रश्न पटायला वेळ लागला नाही, कारण तिचा स्वभाव तसा आहे. घरच्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या आल्या की ती त्या बरणीत पाळायची. एकदा तिच्या लक्षात आलं की एकाच झाडावरच्या अळ्यांपैकी काहींचे कोश हिरवे झाले आणि काहींचे तपकिरी. हिरव्या पानाशेजारी बसलेले हिरवे, वाळक्या काडीला चिकटलेले तपकिरी. रंग कोण ठरवतं, जागा की अळी, आणि तिला ते कळतं कसं, हे ती सगळ्यांना विचारत सुटली. क्लासच्या सरांनी ‘नीटला येत नाही’ म्हणून विषय संपवला. ज्या मुलीला असले प्रश्न पडतात तिने निवड करताना प्लेसमेंटचा रकाना वाचून काय उपयोग?

मग आम्ही बसून दोन्ही संस्थांतले खरे फरक शोधले. वरवर सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत ते लपलेले होते.

पहिला फरक तुकडीचा. नायसरला सगळ्या विषयांना मिळून 200 च्या आसपास जागा, सेब्सला चारही विषय मिळून 57. म्हणजे पहिल्या वर्षानंतर जीवशास्त्र घेणारी मुलं सेब्सला हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. शिक्षकाला प्रत्येकाचं नाव ठाऊक असणार, कोणाला काय येत नाही तेही. ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या कॉलेजात ऐंशी-ऐंशीच्या वर्गात मुलं हरवून जाताना मी पाहिली आहेत. दुसऱ्या बाजूने, तुकडी मोठी असली की ऐच्छिक विषय चालवायला पुरेशी मुलं मिळतात आणि वरच्या वर्गातली, पीएच.डी. करणारी मंडळी आसपास असतात. नवी मुलं बरंच काही त्यांच्याकडूनच शिकतात.

दुसरा फरक शिकवणाऱ्यांचा. नायसरकडे स्वतःचा जीवविज्ञान विभाग आहे, त्यातले प्राध्यापक त्याच आवारात संशोधन करतात. सेब्सची कल्पना वेगळी. तिथे स्वतःचे शिक्षक आहेतच, पण त्यांच्या जोडीला टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र, आयआयटी मुंबई अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ येऊन शिकवतात, आणि मुलं प्रकल्पासाठी त्यांच्या प्रयोगशाळांत जातात. आदल्या दिवशी स्वतः ज्यावर काम केलं तेच दुसऱ्या दिवशी वर्गात सांगणारा माणूस मिळणं हे भाग्यच. मुंबईत एवढ्या मोठ्या संस्था एका लोकलच्या अंतरावर आहेत, खारघरला कर्करोगावर संशोधन करणारं टाटाचं केंद्र आहे. हे वैभव देशात फार थोड्या शहरांच्या वाट्याला आलं आहे. पण कुलाबा (टाटा मूलभूत संशोधन संस्था), तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे (भाभा केंद्र), खारघर या जागा एकमेकींपासून लांब आहेत, आणि मुंबईत प्रवासाचा एक तास म्हणजे दोन तास धरावे लागतात.

तिसरा फरक पदवी कोणाची. मुंबईच्या केंद्राची पदवी मुंबई विद्यापीठाची. ओडिशातल्या संस्थेची पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची, जी अभिमत विद्यापीठ आहे आणि जिचं मुख्यालय अणुशक्तिनगरला आहे. दोन्ही मान्य, दोन्ही चांगल्या. पुढे परदेशात अर्ज करणाऱ्याने गुणपत्रक वेळेवर मिळतं का आणि निकाल कधी लागतो एवढं वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून घ्यावं, बाकी यावर रात्रीची झोप घालवू नये.

चौथा फरक आसपासच्या निसर्गाचा. आमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मुंबईत निसर्ग कुठला! हे खरं नाही. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान ज्या शहराच्या पोटात आहे आणि ज्याच्या ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान आहे, ते शहर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गरीब कसं म्हणायचं? जटणीहून मात्र चिल्का सरोवर जवळ आहे. तेही रामसर यादीतलं, 1981 पासून, आणि त्याच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात इरावती डॉल्फिन राहतात. पुढे किनाऱ्याला ऋषिकुल्येच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला हजारोंनी येतात. सह्याद्रीत वाढलेल्या मुलीला हे वेगळंच जग.

आणि पाचवी गोष्ट, जी दोन्हीकडे सारखी असूनही सांगितली पाहिजे. अकरावीला गणित सोडलेल्या मुलांना दोन्हीकडे पहिल्या वर्षी गणिताला सामोरं जावंच लागतं. माझ्या नातीनेही गणित सोडलं होतं. ‘बायोला जायचंय, गणित कशाला?’ हे वाक्य आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवसापासून ऐकू येतं. आमच्या प्रयोगशाळेत मक्याच्या कणसांची एक पेटी होती, जांभळे-पिवळे, गुळगुळीत-सुरकुतलेले दाणे असलेली. मुलांनी दाणे मोजायचे आणि आनुवंशिकतेच्या नियमाप्रमाणे अपेक्षित असलेलं नऊ-तीन-तीन-एक हे प्रमाण जुळतं का ते काय-वर्ग या संख्याशास्त्रातल्या चाचणीने तपासायचं. मोजणी सगळे करत. चाचणी आली की निम्म्या मुलांचे हात थांबत. मेंडेलने वाटाणे नुसते पाहिले नाहीत, मोजले, आणि म्हणून त्याला नियम सापडला. तेव्हा पालकांना कळकळीने सांगतो, जीवशास्त्रात मूलभूत शिक्षण घ्यायचं असेल तर बारावीनंतरच्या सुट्टीत मुलाला गणिताचं पुस्तक पुन्हा उघडायला लावा. पहिल्या सत्रात मुलं जी खचतात ती इथे.

नातीने शेवटी जटणी निवडली. कारणं तिची तिने लिहून काढली होती. संस्था पूर्ण निवासी आहे, त्यामुळे वसतिगृह आणि प्रयोगशाळा एकाच आवारात. ज्या प्राध्यापकाचं काम आवडलं त्याच्या दारावर दुसऱ्या वर्षीही टकटक करता येईल, कारण तो तिथेच असतो. आणि कोशाच्या रंगाचा प्रश्न जसा जनुकांचा आहे तसाच झाडाझुडपांचाही आहे, तर दोन्ही एका जागी शिकायला मिळावं. मला तिचा निर्णय पटला. त्याच जुलैत तासगावकडच्या, आमच्या ओळखीच्या एका मुलाने दोन्हींतून सेब्स घेतलं. त्याला कर्करोगाच्या पेशींवरच काम करायचं आहे, आणि पहिल्या दिवसापासून छोट्या तुकडीत, मुंबईच्या संशोधन संस्थांच्या जवळ राहायचं आहे. त्याचाही निर्णय तितकाच योग्य. दोघांनी एकच माहिती वाचली, पण आपल्याला काय करायचं आहे हे दोघांना आधी ठाऊक होतं.

मला चीड येते ती एका गोष्टीची. जी माहिती निर्णायक होती ती मिळवायला फार खटपट करावी लागली. संस्थांच्या संकेतस्थळांवर अभ्यासक्रम आणि प्राध्यापकांचे विषय मिळतात, त्याबद्दल त्यांचे आभारच मानतो. पण बाकी सगळं वरच्या वर्गातल्या मुलांना मेल करून, आमच्या कॉलेजातून शिकून आता बंगळुरूला संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला फोन करून विचारावं लागलं. आमच्याकडे निदान विचारायला माणूस होता. जतच्या, आटपाडीच्या ज्या मुलीच्या घरात कोणी पदवीधर नाही, तिने कोणाला विचारायचं?

आणि हे फक्त नेस्टपर्यंत पोचलेल्या मुलांपुरतं नाही. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक मुलं शिवाजी विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांतून एक निवडतात, किंवा सांगली की पुणे एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो. त्यांच्यासाठी तर हे प्रश्न जास्तच महत्त्वाचे, कारण तिथे दोन संस्थांतलं अंतर कागदावर अजिबात दिसत नाही. विभागात कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? प्रॅक्टिकलच्या एका बॅचला मुलं किती आणि चालू सूक्ष्मदर्शक किती? गेल्या वर्षी अभ्याससहली खरंच निघाल्या का, की सहलीचे फोटो दरवर्षी तेच? महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रमात शेवटचा बदल कधी झाला? नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. ते मिळवणाऱ्या मुलाला त्या महाविद्यालयात मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा आहे का, की चौथ्या वर्षासाठी पुन्हा गाव सोडायचं? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं, ते योग्यच झालं. पण बेडूक गेला, त्याच्या जागी त्या तासांना काय आलं? काही ठिकाणी मुलं शेताच्या बांधावर कीटक मोजतात, गांडुळखताच्या खड्ड्यात काय राहतं ते पाहतात, पक्ष्यांची नोंद ठेवतात. काही ठिकाणी भिंतीवर तक्ता टांगला आणि झालं.

पालकांना माझी विनंती आहे की प्रवेशाच्या आधी एकदा तरी कामाच्या दिवशी, दुपारी दोन-तीनच्या सुमारास त्या विभागात जाऊन उभे राहा. ऑफिसात जाल तर माहितीपत्रक मिळेल, विभागात जाल तर वास येतो. फॉर्मलिनचा, स्पिरिटचा, उकळलेल्या अगरचा. बेसिन ओलं आहे का पाहा. सूक्ष्मदर्शकाच्या टोप्यांवर धूळ आहे का पाहा. तिथल्या परिचराशी दोन शब्द बोला. तो खोटं सांगत नाही, कारण त्याला तुमच्याकडून काही नको असतं. सायन्सच्या इमारतीत कोणता प्रयोग होतो आणि कोणता फक्त जर्नलमध्ये होतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

संपादक महाशय, आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाला चार गोष्टी विचारून त्या नावानिशी छापाव्यात. जीवशास्त्राच्या विभागांत कायम शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, प्रयोगशाळा सहायक व परिचरांच्या जागा किती आणि भरलेल्या किती, प्रॅक्टिकलच्या बॅचला मुलं किती, आणि प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते. जे महाविद्यालय उत्तर देणार नाही त्याच्या नावापुढची जागा मोकळी छापावी. आणि शिक्षण खात्यापर्यंत आपला आवाज पोचतो, तर शिक्षकेतर जागांची भरती किती वर्षं अडली आहे याचाही पाठपुरावा आपल्या बातमीदारांनी करावा. नातीचा प्रवेश झाला, आमचं घरचं काम संपलं. पण माझ्या जुन्या विभागात यंदा पहिल्या वर्षाला नवी मुलं आली आहेत आणि त्यांच्यासाठी सकाळी कांद्याची मुळं कापायला तिथे कोणी नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक (वनस्पतिशास्त्र), मिरज